तुमच्याकडे ठेवा

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी चुकलो.

वाक्य तसं सोपं होतं. "बाईंनी मशीन दिरांकडे ठेवायला दिलं." आमच्या वकीलसाहेबांनी ते कोर्टाच्या जिन्यावर माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. तिन्ही वेळा बरोबर आलं. चौथ्यांदा मी स्वतःहून म्हणून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "पुरे, आता पाठांतर वाटायला लागलं." मग आत गेलो. शपथ घेतली, धंदा सांगितला: वाचनालयात कारकून, वीस वर्षं. समोरच्या वकिलाने चष्मा पुसला आणि शेजारपाजारच्या चौकशा कराव्यात तशा आवाजात विचारलं, "बरं, छत गळत होतं, सगळं सामान हलवायचं होतं, बाई बिचाऱ्या वैतागलेल्या. मग मशीनचं काय केलं त्यांनी?"

"काय करणार? देऊन टाकलं दिरांना."

समोरच्या वकिलाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "टाकलं. नोंद व्हावी, साहेब. साक्षीदाराचा शब्द आहे, 'टाकलं'."

कोपऱ्यातल्या टायपिस्टने तो शब्द बडवला. मी घाईघाईने म्हणालो, "तसं नाही, साहेब. टाकलं म्हणजे आपलं... टाकलं." न्यायाधीश म्हणाले, "पुढे." पुढे काहीच नव्हतं. माझ्याकडे एकच वाक्य होतं.

आता आपल्या भाषेत माणूस काय टाकत नाही? आपण आंघोळ करून टाकतो, पत्र लिहून टाकतो, मुलीचं लग्न लावून टाकतो. त्यात कोणी काही फेकून देत नाही. एक काम उरकलं म्हणून सुटकेचा श्वास तेवढा सोडतो. पण कोर्टात श्वासाची नोंद होत नाही, शब्दाची होते. बाहेर व्हरांड्यात बाकावर बाई बसल्या होत्या. त्या बाकाची मधली फळी गेलेली, त्यामुळे बसणाऱ्याला कायम कुठल्यातरी एका बाजूचं व्हावं लागतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "वाचनालय, तुम्हाला एकच वाक्य दिलं होतं."

बाई मला वाचनालय म्हणतात. त्या गिऱ्हाइकाला त्याच्या कामावरून हाक मारतात. शाळेच्या शिपायाला 'शाळा' आणि दवाखान्यातल्या नर्सबाईला 'दवाखाना'. स्वतः त्या पुस्तकं बांधतात. तीस वर्षं बांधतायत. एक खोली, दोन माणसं सरळ उभी राहिली तर तिसऱ्याने आडवं व्हावं एवढी. डाव्या भिंतीला पुठ्ठे, उजव्या भिंतीला सुटी झालेली पुस्तकं, मध्ये खळीचा डबा. त्या डब्यातली खळ कधी संपलेली मी पाहिली नाही आणि डबा कधी धुतलेलाही पाहिला नाही. आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं आज उभी आहेत ती बाईंच्या दोऱ्यावर. पुस्तक हातात घेतलं की त्या आधी कणा दाबून बघतात, आपल्या आजीने भोपळा दाबून बघावा तशा, आणि निदान सांगतात: "हे वाचलेलं आहे. हे नुसतं पाडलेलं आहे."

आणि त्या खोलीत, खिडकीखाली, ते मशीन होतं. कागद कापायचं, बिडाचं, हाताने चालवायचं. वरचं चाक फिरवून गठ्ठा दाबायचा, मग लांब दांडा खाली ओढायचा. पातं उतरतं आणि पुस्तकाच्या तीन कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. बाईंनी ते लग्नाआधी, स्वतःच्या पहिल्या नोकरीच्या छापखान्यातून, छापखाना बंद पडताना घेतलेलं. म्हणजे नवऱ्यापेक्षा त्यांचा मशीनशी संसार जुना. हे त्यांचे यजमानही मान्य करतात. ते निवृत्त बसचालक आहेत आणि सहसा सगळंच मान्य करतात.

सहा वर्षांपूर्वी त्या खोलीचं छत गळायला लागलं. घरमालकाने दुरुस्ती काढली आणि आठ दिवसांत खोली रिकामी मागितली. पुस्तकं बाईंनी घरी पलंगाखाली नेली. मशीन पलंगाखाली जाणारं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून धाकट्या दिराचा छापखाना. पावतीपुस्तकं, लेटरहेड, असलं काम. तिथे जागा होती. चार माणसं लावून मशीन तिकडे नेलं, तेव्हा मी तिथेच होतो, फाटक्या शब्दकोशाचे दोन खंड काखेत धरून. बाई घामाघूम होऊन दारात उभ्या. दीर म्हणाले, "वहिनी, भिंतीला लावू का?" आणि बाई म्हणाल्या, "लावा कुठेही. तुमच्याकडे ठेवा, भावजी."

झालं. तेवढे दोन शब्द. तुमच्याकडे ठेवा.

चार महिन्यांनी छत झालं. बाईंनी खोली झाडली, खिडकीखालची जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि मशीन मागितलं. भावजी म्हणाले, "बघू." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "जरा एक मोठं काम आहे वहिनी, ते झालं की बघू." मग म्हणाले, "माणसं मिळत नाहीत हो उचलायला, बघू." त्या मधल्या काळात त्यांना मशीनची सवय झाली. सवय वाईट. दुसऱ्याची छत्री चार दिवस वापरली की पाचव्या दिवशी पाऊस आपल्यासाठीच पडतोय असं वाटायला लागतं.

इकडे बाई कडा हाताने कापायला लागल्या. लोखंडी पट्टी, धारदार सुरी, एका वेळी वीस-पंचवीस पानं. मशीनवर दिवसाला चाळीस पुस्तकं निघायची, आता सहा. मोठी कामं दुसरीकडे गेली. शाळा गेली. दवाखाना गेला. मी राहिलो, कारण आमच्या वाचनालयात कुणाला कशाचीच घाई नसते. पण सुरी दाबून दाबून बाईंचं उजवं मनगट सुजायला लागलं. बोलताना त्या ते डाव्या हाताने धरून ठेवायच्या, बाजारात लहान मूल हातातून सुटू नये म्हणून धरावं तसं.

शेवटी त्या वकीलसाहेबांकडे गेल्या. बरोबर मी. वकीलसाहेबांच्या टेबलावर फायलींचे इतके गठ्ठे होते की त्यांचा आवाज आधी आला आणि चेहरा मागाहून.

"बाई, त्यांनी मशीन चोरलं का?"

"छे हो. भावजी आहेत ते माझे."

"बरोबर. तुम्हीच नेऊन दिलंत. तेव्हा त्या दिवशी त्यांचा ताबा रीतसर होता. वस्तू तुमची, ताबा त्यांचा. कायद्याला यात काही वावगं दिसत नाही. तुम्ही परत मागितलंत आणि ते 'नाही' म्हणाले, त्या क्षणापासून तो ताबा बेकायदा. तो क्षण मला सांगा. कधी म्हणाले 'नाही'?"

बाई विचारात पडल्या. "नाही असं नाही म्हणाले. ते 'बघू' म्हणतात."

"'बघू' म्हणजे नकार नव्हे."

"आमच्या घरात आहे."

वकीलसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "स्पष्ट नकार आणा."

जगात माणसं होकार मिळवायला वणवण करतात. बाई नकार मिळवायला निघाल्या. छापखान्यात जाऊन म्हणाल्या, "भावजी, एकदा नाही म्हणा बघू." भावजी कानावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मी नाही म्हणेन? बसा, चहा घ्या." चहा घेऊन परत आल्या. दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हाही चहा. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. वकीलसाहेबांनी नोटीस धाडली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या वकिलामार्फत उत्तर आलं: सदर मशीन वहिनींनी 'ठेवा' असे स्पष्ट शब्दांत सांगून कायमचे दिले असल्याने परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. एवढ्या दिवसांचा 'नाही' शेवटी पोस्टाने आला. लेटरहेड भावजींच्याच छापखान्यातलं. बाईंनी तो कागद उलटसुलट बघितला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तिरका कापलाय. गठ्ठा दाबायच्या आधीच दांडा ओढतात. किती वेळा सांगितलं."

तर असा दावा उभा राहिला. एका बाजूला 'ठेवा' म्हणजे सांभाळा, दुसऱ्या बाजूला 'ठेवा' म्हणजे तुम्हालाच राहू द्या. मध्ये बिडाचं एक मशीन आणि पुढे तारखा.

तारखांबद्दल काय लिहायचं? ज्यांनी त्या भोगल्यात त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगल्या नाहीत त्यांना खरं वाटणार नाही. सकाळी दहाला जायचं. भिंतीवरच्या यादीत आपला क्रमांक शोधायचा. तो एकोणचाळिसावा असतो. बाराव्या क्रमांकाला जेवणाची सुट्टी होते. तिसाव्याला पुढची तारीख पुकारतात. मग घरी. कधी साहेब रजेवर, कधी त्यांचे वकील आजारी, कधी आमचे. एकदा दोन्ही वकील, साहेब, सगळे हजर होते आणि फाईल सापडली नाही. फाईल सापडल्यावर तिचा दोरा तुटलेला निघाला, पानं सुटलेली. बाईंनी पिशवीतून सुई काढली आणि पट्टेवाल्याच्या स्टुलावर बसून स्वतःच्या दाव्याची फाईल शिवून दिली. पट्टेवाला म्हणाला, "बाई, अशा अजून दोनशे आहेत." बाई म्हणाल्या, "तारखा तेवढ्याच आहेत, होतील."

गंमत म्हणजे भांडण फक्त आत होतं. व्हरांड्यात सगळं घरच. भावजी आले की आधी विचारायचे, "वहिनी, मनगट कसंय?" बाई म्हणायच्या, "तुमच्या कृपेने तसंच." भावजी ओशाळायचे, तिकडून दोन चहा घेऊन यायचे, आणि पुकारा झाला की आत जाऊन शपथेवर सांगायचे की वहिनींनी मशीन कायमचं दिलं. बाईंचे यजमान दोन डबे घेऊन यायचे, एक बायकोला, एक भावाला. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "मी या प्रकरणात तटस्थ आहे." तेव्हापासून आम्ही त्यांना तटस्थच म्हणतो. तटस्थ दर रविवारी भावाकडे जेवायला जायचे आणि परत येऊन बाईंना मशीनची खुशाली सांगायचे. "तेल दिलंय त्याने." "चाक जरा कुरकुरतंय." सासरी नांदणाऱ्या लेकीची बातमी आणावी तसं. बाई ऐकून घ्यायच्या. फक्त कुरकुरतंय ऐकलं त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, असं तटस्थच मला म्हणाले, तटस्थपणे.

तिसऱ्या वर्षी माझी साक्ष झाली. तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. त्यानंतर आमच्या वकीलसाहेबांचा आवाज फायलींच्या मागून आणखी बारीक येऊ लागला. "अवघड केलंत हो तुम्ही," ते मला म्हणाले. "दान दिलं असं आता तुमच्याच तोंडून आलंय." मी बाईंची माफी मागायला गेलो. त्या एका जुन्या नकाशापुस्तकाच्या कडा कापत होत्या, ओठ घट्ट मिटून. सुरी एकदा निसटली आणि समुद्रातून एक बारीक पट्टी निघाली. त्यांनी ती पट्टी नीट उचलून बाजूला ठेवली, सुरी ठेवली. मग म्हणाल्या, "वाचनालय, कंटाळा आला हो." इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माफी मागायची राहूनच गेली.

चौथ्या वर्षी भावजींची उलटतपासणी लागली. आमचे वकीलसाहेब उभे राहिले. त्यांच्याकडे विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मशीन कधी नेलं, किती माणसं होती, असलं काहीबाही विचारून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून बाई वाकल्या आणि त्यांच्या काळ्या डगल्याची बाही ओढून कुजबुजल्या, "पात्याचं विचारा."

"कसलं पातं?"

"विचारा तर."

वकीलसाहेबांनी वळून, स्वतःलाच काही कळत नसल्याच्या सुरात विचारलं, "मशीन आलं तेव्हा त्याच्याबरोबर पातं आलं होतं का?"

भावजी गेली चार वर्षं त्या पिंजऱ्यात अडखळत बोलत आले होते. या प्रश्नाला मात्र त्यांनी लगेच, जरा चिडूनच, उत्तर दिलं. "पातं? पातं कोण देतं साहेब?"

"म्हणजे?"

"अहो, मशीन ठेवायला पाठवताना पातं काढून आपल्याजवळ ठेवतात. दुसऱ्याच्या हातात धार जाते. ठेवायला दिलेल्या मशीनचं पातं कुठलाही बाइंडर..."

इथे भावजी थांबले. टायपिस्टची बोटं हवेत. त्यांचा वकील चष्मा शोधत होता आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "आणि कायमचं द्यायचं असेल तर?"

भावजींनी बाईंकडे पाहिलं, मग खाली. खोटं ते अर्थाबद्दल बोलू शकत होते. धंद्याबद्दल त्यांच्याच्याने बोलवेना. "तर पात्यासकट देतात, साहेब."

"मग तुम्ही काम कशावर केलंत?"

"नवीन पातं आणलं मी. वहिनींचं त्यांच्याकडेच आहे. असणारच."

ते होतंच. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत, तेलकट फडक्यात गुंडाळून, बाईंच्या कपाटात. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. "बाई! चार वर्षं! हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? सगळे 'ठेवा'चंच विचारत होते."

निकाल पाचव्या वर्षी लागला. साक्षीदाराच्या बोलण्यातल्या 'टाकलं' या शब्दाला बोलीतली लकब समजून फार वजन देता येत नाही, असं एक वाक्य त्यात होतं. माझ्या सार्वजनिक आयुष्याची एवढीच काय ती लेखी दखल. शेवटी हुकूम: मशीन परत करावं, नाहीतर त्याची किंमत द्यावी. भावजींनी लगेच किंमत देऊ केली. चांगली देऊ केली. वकीलसाहेब म्हणाले, घ्या. तटस्थ म्हणाले, घेतलेलं बरं. मीसुद्धा म्हणालो. एक हलकं, विजेवर चालणारं मशीन आलं असतं, बटण दाबलं की काम. बाई म्हणाल्या, "मशीन." पुन्हा अर्ज, पुन्हा यादीतला एकोणचाळिसावा क्रमांक, अजून एक वर्ष.

परवा मशीन आलं. बरोबर कोर्टाचा माणूस, कागदावर सही घ्यायला, आणि ओझ्याची चार माणसं. त्यांच्यापुढे भावजी, उलटं चालत. "डावीकडे घ्या. अरे, डावीकडे! दाराला उंबरा आहे वहिनींच्या." स्वतःचं पातं त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. बाईंनी कपाटातून आपलं आणलं, फडकं सोडलं. ते भावजींनीच बसवलं, कारण बाईंच्या मनगटाने स्क्रू आवळला जाईना. शेवटी भावजी म्हणाले, "चाकाला तेल देत होतो मी." बाई म्हणाल्या, "कळत होतं." मग भावजी गेले. तटस्थ कुणाबरोबर जावं हे न कळून दारात उभे राहिले आणि थोड्या वेळाने भावाच्या मागे गेले.

बाईंनी माझ्या शब्दकोशाचा पहिला खंड घेतला. सहा वर्षं तो कडा न कापता पडून होता. गठ्ठा लावला, चाक फिरवलं, दांडा धरला आणि ओढला. दांडा हलला नाही. त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला, पुन्हा ओढला. अर्ध्यात आला आणि थांबला. पातं कागदात तसंच रुतून राहिलं. बाईंच्या कपाळावर घाम. या हाताने पूर्वी त्या दिवसाला चाळीस पुस्तकं कापत. मी पुढे झालो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं, मशीनला टेकून श्वास घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या.

मला राहवेना. म्हणालो, "बाई, खरं सांगा. गेल्या वर्षी किंमत घेतली असती, हलकं मशीन आलं असतं, हे हातांचे हाल तरी वाचले असते. काय बिघडलं असतं?"

बाईंनी दांड्यावरचे हात न काढता माझ्याकडे बघितलं.

"मग ते त्यांचं झालं असतं."